रंग मिसळू नको

राजनंदिनीचं माहेर वडीगोद्रीचं, घर हायवेला लागून. ट्रक गेला की धुतलेल्या ताटांवर पुन्हा धूळ बसायची, म्हणून लहानपणापासून तिच्या हातात सतत एक फडकं असायचं. लग्न होऊन ती जालन्यात मस्तगडला भाड्याच्या दोन खोल्यांत आली, तरी ती सवय सुटली नाही. गॅसचा ओटा, फ्रीजचं हँडल, टीव्हीची काच, जिथं हात पोचेल तिथं ती पुसायची. तिचा नवरा भागवत एमआयडीसीतल्या सळ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. भट्टीपाशी पाळी काढून घरी आला की दारातच बूट काढून म्हणायचा, "आपल्या घरात पाय ठेवला की थंड वाटतं बघ." तिला ते ऐकायला फार आवडायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी स्वरा चार वर्षांची झाली आणि बालवाडीत जायला लागली. पालकांच्या बैठकीत बाईंनी सांगितलं, "मुलांना घरी क्ले खेळू द्या. बोटांत ताकद येते, डोकं चालतं. पसारा होईल, तो होऊ द्या." सगळ्या आयांनी माना हलवल्या. राजनंदिनीनंही हलवली, आणि ती नुसती हलवायची म्हणून नाही. घरी येऊन तिनं मैद्यात मीठ, तेल आणि थोडं कोमट पाणी घालून गोळा मळला. त्याचे तीन भाग केले. एकात हळद घातली, एकात बिटाचा रस, एकात पालकाचं पाणी. तिन्ही गोळे ताटलीत मांडून तिनं त्यांचा फोटोसुद्धा काढला.

स्वरानं पहिल्याच दिवशी तिन्ही गोळे एकत्र करून टाकले.

"अगं, रंग मिसळू नको! किती छान वेगळे केल्ते मी."

"मला बैलाचा रंग पायजे होता," स्वरा म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत मातकट पीठ लागलं होतं. राजनंदिनीला बाईंचं बोलणं आठवलं आणि तिनं गोळा तसाच राहू दिला.

स्वरा जे करायची त्याला बघून नाव देता येत नसे. एकदा तिनं एक लांबलचक वळी केली, मध्येच जाड, मध्येच बारीक, शेवटी एक भोक.

"हे काय गं?" भागवतनं विचारलं.

"हे तुमचं घोरणं हाय, पप्पा."

भागवत इतका हसला की त्याला ठसका लागला. त्यानं ते घोरणं मोबाइलमध्ये टिपून कारखान्यात सगळ्यांना दाखवलं.

पण क्ले सगळीकडं जायला लागला. ओला असला की चिकटायचा, वाळला की सिमेंट व्हायचा. फरशीच्या फटीत, कंगव्यात, रिमोटच्या बटणांखाली, भागवतच्या बुटाच्या लेसमध्ये. कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघाली. खरवडायचं तर आधी भिजवावं लागे, आणि नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घरात फरशी भिजवणं राजनंदिनीच्या जिवावर यायचं. ड्रममधलं पाणी ती तांब्यानं मोजूनमापून काढायची, एका हातानं फरशी घासायची आणि स्वतःला समजवायची, लेकराचंच आहे, असू दे.

भागवतची आई सोनूबाई जांब समर्थहून चार दिवस राहायला आल्या. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"हे काय करून राह्यलं गं लेकरू? खायचं पीठ हाय ते. पायाखाली येऊन राह्यलं."

"आत्याबाई, शाळेतल्या बाईंनीच सांगितलंय."

"मंग पीठ बाईंच्या घरचं हाय का?"

 शेतातून गहू घरात येईपर्यंत किती खपावं लागतं ते राजनंदिनीनंही पाहिलेलं होतं. सोनूबाई गेल्यावर तिनं घरचा मैदा वापरायचं बंद केलं आणि दुकानातून डब्यातला क्ले आणायला लागली.

मग हळूहळू नियम आले. ते कुणी बसून ठरवले नव्हते. आधी वर्तमानपत्र अंथरायचं. मग फक्त परातीत. मग भागवत दुपारपाळीहून आला आणि चिकट गोळ्यावर पाय पडून घसरता घसरता वाचला, तेव्हापासून फक्त गॅलरीत. डब्यातला क्ले महाग, म्हणून पिवळा पिवळ्या डब्यात आणि निळा निळ्यात. राजनंदिनी कधी ओरडत नसे. ती शेजारी बसून नुसती सांगायची, "हां, तिकडं नको. बराबर. आता हात पूस. ते खाली पडलंय, उचल." स्वरा उचलायची. काही दिवसांनी ती सांगायच्या आधीच उचलायला लागली, आणि राजनंदिनीला वाटलं, चला, वळण लागलं.

त्या हिवाळ्यात स्वराला ताप आला. बरी झाली तरी अशक्त होती, म्हणून राजनंदिनीनं तिला पुढच्या खोलीत खेळायला मोकळीक दिली. स्वरानं उरलेसुरले सगळे डबे रिकामे केले आणि भिंतीकडेनं एक रस्ता काढायला घेतला. तो सोफ्याखालून निघाला, टीव्हीच्या टेबलाला वळसा घालून दारापर्यंत आला.

"हा कुठला रस्ता?"

"आजीच्या गावाचा. इथं आपण उसाचा रस पितो. इथं ट्रक उलटला होता. आणि इथं मला उलटी झाली होती." एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून ती गंभीरपणे म्हणाली.

रस्ता संपला नव्हता. ती उठल्याबसल्या त्यात भर घालत होती, आणि नवराबायको पाय उचलून त्यावरून ये-जा करत होते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला राजनंदिनीनं गल्लीतल्या बायकांना बोलावलं होतं. त्या दिवशी सकाळी स्वराला बालवाडीत सोडायला निघताना भागवतनं खोलीकडं पाहिलं.

"आज बाया येणार ना? मंग हे?"

तो एवढंच म्हणाला. त्यात राग नव्हता.

 चादर टाकून झाकता येईल का, सोफा पुढं ओढता येईल का, राजनंदिनीनं सगळं करून पाहिलं. रस्ता थेट दारात येत होता, आणि बायका दारातूनच येणार होत्या. शेवटी तिनं उलथनं घेतलं आणि सोफ्याकडून खरवडायला सुरुवात केली. वाळलेले तुकडे कटकट करत निघत होते. हिरवा ठिपकाही निघाला. फरशी पुसून ती नेहमीसारखी चकचकीत झाली. स्वरा रडेल म्हणून तिनं तिळाच्या वड्या बाजूला काढून ठेवल्या, नवा क्ले आणायचं मनात ठरवलं, काय बोलायचं तेही ठरवलं.

स्वरा दुपारी आली. चप्पल काढून ती खोलीच्या मध्ये उभी राहिली. भिंतीकडं पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं.

"बेटा, आज पाहुणे येणारेत ना, म्हणून..."

"बरं झालं पुसलंस," स्वरा म्हणाली. "लई घाण झाली होती."

तो सूर राजनंदिनीचाच होता, शब्द तसेच ओढत बोललेले. तिनं वडी पुढं केली. स्वरानं आधी हात धुतले, मग घेतली.

हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांनी मुलीचं कौतुक केलं. वाण ठेवायला ती मदत करत होती, सांडलेलं कुंकू बोटानं टिपत होती. एकजण म्हणाली, "माझा तर घर डोक्यावर घेतो. तुमची किती शहाणी!" राजनंदिनीनं हसून दाखवलं.

त्यानंतर स्वरानं क्लेला हात लावला नाही. राजनंदिनीनं नवे डबे आणले, झाकणं उघडून फरशीवर मांडले, वर्तमानपत्रही न टाकता. "कर की, कुठंही कर. आजीचं गाव कर." स्वरा शेजारी बसली, तिनं झाकणं पुन्हा लावली, रंगाप्रमाणे. राजनंदिनी स्वतः खेळायला बसली. तिनं पिवळ्यात निळा मिसळला, मुद्दाम, चांगला मळून. स्वरा काळजीनं बघत राहिली. "मम्मी, आता हा वेगळा नाही होणार."

एका रविवारी भागवतही बसला. त्यानं आपल्या जाडजूड बोटांनी एक बैल केला. चारही पाय वाकडे, शिंगं कानांपेक्षा लहान. "सांग बरं, कसा झाला?"

"छान," स्वरा म्हणाली. तिनं फडकं आणलं, बैल उचलला, खालची फरशी पुसली आणि बैल पुन्हा बरोबर तिथंच ठेवला.

भागवतनं राजनंदिनीकडं पाहिलं. मुलगी आतल्या खोलीत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "आपण हिला मारलं न्हाई, रागावलो न्हाई. मंग हे काहून?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. चूक सापडली असती तर तिनं ती धुऊन काढली असती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते जांबला गेले. मळ्यात पाइपापाशी चिखल होता आणि भावकीतली पोरं त्यात लोळत होती. स्वरा फ्रॉक गोळा करून बांधावर उभी राहिली. सोनूबाईंना राजनंदिनीनं सगळं सांगितलं होतं.  संध्याकाळी भाकरी थापताना त्यांनी पिठाचा एक मोठा गोळा तोडला आणि नातीपुढं धरला. "घे माय. चिमणी कर, साप कर, काय पायजे ते कर. सांडू दे."

स्वरानं तो गोळा तळहातावर घोळवला. कुठं भेग नाही, कुठं बोटाचा ठसा नाही, असा गुळगुळीत केला आणि परातीत परत ठेवला. "झाला आजी. हात कुठं धुऊ?"

सोनूबाईंनी सुनेकडं पाहिलं. राजनंदिनी उठून स्वराच्या हातावर पाणी ओतायला गेली.

स्वरा आता दुसरीत आहे. तिचं अक्षर वळणदार आहे, वह्यांना कव्हरं आहेत, चित्रातला रंग रेघेबाहेर जात नाही. परवाच्या पालक सभेत बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "स्वराच्या आईनं कसं वळण लावलं ते जरा बाकीच्यांनी विचारून घ्या." दोन आया खरंच विचारायला आल्या. राजनंदिनी म्हणाली, "मी काही केलं न्हाई हो," आणि त्यांना तो विनय वाटला.

स्कूटीवरून परत येताना गांधी चमन चौकापाशी गर्दीत थांबावं लागलं. राजनंदिनीनं मागं न वळता विचारलं, "स्वरा, तुला क्ले लई आवडायचा, आठवतं का? आजीच्या गावाचा रस्ता केल्ता तू."

"मी?" स्वरानं थोडा विचार केला. "न्हाई. कधी?"

"लहान होतीस तेव्हा. पार दारापर्यंत."

"मंग तू रागावली असशील," स्वरा म्हणाली आणि आईच्या पाठीवर उडालेली धूळ हातानं झटकायला लागली. पुढची रिक्षा हलली. मागून हॉर्न वाजला, तेव्हा राजनंदिनीनं गाडी काढली.