शेळगावची मेढ आणि बिनपायाचा मनोरा

बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन असं होतं, की फलाटावरची कुत्री एकमेकांच्या सावलीसाठी नंबर लावून उभी होती. मला शेळगावला जायचं होतं. माझे जुने मित्र पोपटतात्या यांच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न. मंडपवाले शौकतभाई सामान घेऊन तिकडेच निघाले होते, म्हणून तात्यांनी मला त्यांच्या टेम्पोत बसवायची व्यवस्था केली होती. मांडीवर एक झुंबर घेऊन मी निघालो.

"वादळ मोठं झालं म्हणे?" मी विचारलं.

"मोठं?" शौकतभाई म्हणाले, "माजा पडदा पणदऱ्याच्या लग्नातनं उडाला, त्यो अंथुर्ण्याच्या लग्नात जाऊन बसला. दोनीकडच्या पावण्यांनी त्येच्याखाली जेवान केलं."

माणूस माझ्या तोडीचा निघाला. मी पुढचा अर्धा तास गप्प बसलो, ही गोष्ट माझ्या घरी अजून कुणाला पटलेली नाही.

अंथुर्ण्यात चहाला थांबलो. वादळापासून वीज नव्हती. हॉटेलबाहेर एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवर अख्ख्या आळीचे मोबाइल द्राक्षाच्या घडासारखे लटकले होते. भजी गरम होती. थंड पेयही गरम होतं.

शेळगावच्या अलीकडे, उसात, विजेच्या मोठ्या लाइनचा टॉवर दिसला. जेवण झाल्यावर पाहुणा आडवा होतो तसा पाय मुडपून पडला होता. तो पडला तेव्हाचा आवाज सोलापुरात ऐकू गेला, असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यानं इंदापूर म्हटलं होतं. सोलापूर मी घातलं.

त्याच्या शेजारी, तात्यांच्या घरालगतच्या रानात, नवा मनोरा उभा राहत होता. लोखंडी तुकड्यावर तुकडा बोल्टनं जोडलेला, ताडासारखा सरळ आणि बारीक. कामावरच्या इंजिनिअर मॅडमनी समजावलं, "हा तात्पुरता. याला पाया नाही. खाली नुसती पत्र्याची बैठक, बाकी सगळा भार चहूबाजूंच्या ताणांवर (जमिनीत रुतवलेल्या खुंट्यांना आवळलेल्या जाड तारांवर). खरा टॉवर बांधून होईपर्यंत लाइन याच्यावरून जाईल."

तीन ताण बसले होते. चौथ्याची खूण चुन्याची फक्की टाकून केली होती, ती नेमकी तात्यांच्या अंगणात, मुहूर्तमेढीवर (मांडवाचा पहिला खांब; पूजा करून रोवतात आणि लग्न लागेपर्यंत हलवत नाहीत). मेढीला टेकून तात्यांची थोरली बहीण, आक्का, बसली होती.

"आजी, हा खांब थोडा सरकवावा लागेल," मॅडम म्हणाल्या.

"मेढ हाय ती. तुजा खांब सरकव."

"माझ्या खांबावर दोन तालुक्यांची लाइन आहे, आजी."

"माज्या खांबावर पोरीचा संसार हाय."

तात्यांनी मला बाजूला घेतलं. "मेढ काढली तर आक्का लग्नात उभी ऱ्हायची न्हाय. न्हाय काढली तर लाइट न्हाय, लाइट न्हाय तर बोरचं पाणी न्हाय. एवढ्या वऱ्हाडाला काय उसाचा रस पाजू?"

मॅडमनी बराच वेळ आकडेमोड केली. मग ताण त्याच दिशेनं लांबवून खुंटी गोठ्यामागं रोवली. तार मेढीच्या डोक्याच्या हातभर वरून गेली. अट एकच होती: तारेला कुणी हात लावायचा नाही, धुणं वाळत घालायचं नाही, जनावर बांधायचं नाही. म्हशीच्या कलमावर थोडी चर्चा झाली, पण शेवटी सगळे कबूल झाले.

सकाळी उठून पाहतो तर मांडव तयार. शौकतभाईंच्या माणसांनी छताचं कापड त्याच तारेला बांधलं होतं.

"हात लावू नका म्हणलं होतं ना!" मॅडम रानातून पळत आल्या.

"हात कुटं लावला?" शौकतभाई म्हणाले. "कापड लावलं. येवढी ताठ तार माज्या बापजन्मात बगितली न्हाय."

तेवढ्यात वारा सुटला. कापड शिडासारखं फुगलं, तार गुणगुणायला लागली आणि मनोऱ्यानं माझ्याकडे वाकून बघितलं. मॅडम म्हणतात तो जेमतेम बोटभर हलला. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना मोजता येतं. मी घाबरलेला होतो, मला दिसत होतं.

"कापड उतरवा, नाहीतर मी लाइन चालू करणार नाही!"

गाठी वाऱ्यानं आवळल्या होत्या, सुटेनात. मुहूर्त जवळ आलेला. तेव्हा आक्का उठली, गोठ्यातून विळा आणला, खाटेवर चढली आणि दोऱ्या सपासप कापत सुटली.

"आवो आक्का, मांडव गेला की!" शौकतभाई ओरडले.

"मांडव म्हंजी कापड व्हय रं? मेढ हाय, तर मांडव हाय."

कापड इंदापूरच्या दिशेनं गेलं. लग्न उघड्या उन्हात लागलं. मॅडमनी दोरी बांधून हद्द आखली होती; तिच्याबाहेर मनोऱ्याची जी हातभर रुंद सावली पडत होती, तिच्यात पंगत बसली. सावली सरकली की पंगत पत्रावळीसकट सरके. वाढप्यांनी सांगितलं, बुंदी वाढायला ते घरासमोरून निघाले आणि शेवटचा पाहुणा त्यांना ओढ्याच्या काठी सापडला. मध्येच बोरची मोटर घरघरली. नळाला पाणी आलं आणि तात्या पहिल्यांदा खाली बसले.

मी निघायच्या वेळी आक्कानं मॅडमची खणानारळानं ओटी भरली. तात्या मेढ काढायला पहार घेऊन आले, तर तिनं त्यांना हटकलं.

"लग्न झालं की आता, आक्का."

"लग्न झालं, हिचा टॉवर कुटं झालाय? मेढ काढली अन् ह्यो पडला तर? ऱ्हाऊ दे."

तात्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मेढीकडे पाहिलं, वरच्या तारेकडे पाहिलं. "हिशोबात बसत नाही," त्या म्हणाल्या, "पण राहू द्या."

पुण्यात ही हकिकत मी बऱ्याच जणांना सांगितली. ओढ्यापर्यंत गेलेली पंगत सगळ्यांना लगेच पटते. पाया नसलेला मनोरा नुसत्या चार ताणांवर उभा राहून दोन तालुक्यांची वीज वाहतो, हे मात्र कुणालाच खरं वाटत नाही.