सोमाकाकांनी घातलेला वळसा

फोनवर सोमाकाकांची मुलगी जानी रडत नव्हती. "बाई, बाबा गेला," एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "खड्डा कुठं काढू? आयशेजारी? ती जागा तर कागदात नाय." मनवेलपाड्यातल्या माझ्या फ्लॅटमधून मी म्हणाले, "आईशेजारीच." दीड महिना झाला, तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही. कारण ती जागा कागदाबाहेर राहिली ती माझ्यामुळे.

सोमाकाका कातकरी. सातिवलीची गोदामं संपून डोंगर चढू लागतो तिथे त्यांचा पाडा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे वनहक्काचे दावे भरून द्यायला जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर कसणाऱ्याचा हक्क कायद्याने मान्य व्हावा, म्हणून हे अर्ज. पुरावा म्हणून जुनी झाडं चालतात, बांध चालतात, म्हाताऱ्यांचा जबाब चालतो, पुरलेल्या माणसांची जागासुद्धा चालते. हे मी पाड्यावर पाढ्यांसारखं म्हणून घ्यायचे. काका मागे बसून हसायचे. "आमी वरी पेरीत होतो तवा तुझा कायदा पाळन्यात होता, बाई!"

मोजणीला मालकाने हद्दीवरून चालायचं आणि मागून कोणीतरी जीपीएसचं यंत्र धरायचं, अशी पद्धत. यंत्र मी स्वतःहून हातात घेतलं होतं. मिरवायची हौस, दुसरं काय! उन्हात काका झपझप पुढे चालले होते. वरच्या ऐनाच्या झाडाशी थांबले, चपला काढून हातात घेतल्या आणि शेताच्या आतल्या अंगाने लांब वळसा घालून पुढे गेले. सरळ का नाही, मी विचारलं. "तिथं पाय नाय टाकायचा," ते म्हणाले. मला वाटलं, वारूळ असेल. अजून तीन शेतं मोजायची होती, म्हणून मी म्हटलं, "बरं, चला पुढे."

आपल्या पुरलेल्या माणसांवरून कोणी चालतं का... एवढं मला कळू नये? यंत्राला फक्त पावलं कळतात. टाळलेली जागा ते सोडलेली धरतं. बाहेरून फिरा, एवढं सांगायला माझी जीभ झिजली नसती.

कागद आला तेव्हा नकाशाच्या वरच्या कडेला एक खाच होती. काकांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं. "माझी मानसा कुठं हायत यात?" मी अपील केलं. सुनावणी लांबत गेली. काका खंगले, पण मी गेले की कोरा चहा करायला सांगायचे आणि "पत्र आला?" एवढंच विचारायचे. एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. आता डोळे मिटले की ते चपला हातात घेऊन वळताना दिसतात.

गेल्या आठवड्यात अपिलातली फेरमोजणी झाली. यंत्र मोजणीवाल्यांकडे होतं. जानी आणि मी पुढे चालत होतो. ऐनाखाली दगडांचे काही जुने ढीग, शेजारी काकांचा नवा. माझे पाय आपोआप आतल्या बाजूला वळले. जानीने माझा दंड धरला. बाहेरच्या अंगाची करवंदीची जाळी तिने सकाळीच कोयत्याने तोडून वाट केली होती.

"भायेरून चाल, बाई," ती म्हणाली. "बाबाला आत येव दे."