आठ फेऱ्यांचा न्याय

तुमच्या गावाचं पाणी कोण अडवतं, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकाल?

येरमाळ्याहून वाशीकडं जाताना आत वळलं की एक गाव लागतं. तिथलं कुणीही सांगायचं. भानुकाका.

मी पोचले तेव्हा भानुकाका व्हॉल्व्हच्या चेंबरच्या कडेला उकिडवे बसले होते. पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं. दुपारी ग्रामसभा होती आणि विषय एकच होता, भानुकाकांना कामावरून काढणे. खालच्या आळीला पाणी धबाधबा, वरच्या आळीला करंगळीएवढी धार. त्यात त्यांची लेक खालच्याच आळीत दिलेली. गावाला एवढा पुरावा पुरतो.

पाणीपुरवठ्याच्या देखभालीचं काम घेतलेल्या एका एजन्सीत मी ज्युनिअर इंजिनिअर आहे. लहानपण मोर्च्यातली पत्रकं वाटण्यात गेलं. त्यामुळं ‘वरच्या आळीवर अन्याय’ हे शब्द ऐकल्यावर येताना एसटीतच माझं भाषण तयार झालं होतं. आरोपी कोण, एवढी एकच जागा मोकळी ठेवली होती.

आधी ऑफिसला फोन केला. आमचे साहेब धाराशिवला बसतात.

“चाक फिरतंय का?” साहेब म्हणाले.

“फिरतंय सर.”

“मग व्हॉल्व्ह चालू आहे. दाब कमी, असं लिहा आणि या.”

“पण सर, एकाच टाकीचं पाणी, एकाच पाइपातून येतंय. खाली दाब आहे आणि वर नाही, असं कसं?”

“वरची आळी वर आहे मॅडम. नावातच आहे.”

मी सगळं गाव चालून आले. वरची आळी म्हणजे चेंबरपासून दोन पायऱ्यांचा चढ. टाकी तर टेकडीवर. साहेबांचं उत्तर तिथंच निकाली निघालं.

आता थोडं व्हॉल्व्हबद्दल. व्हॉल्व्ह म्हणजे पाइपातलं दार. तुमच्या घरातला पिळायचा नळ हासुद्धा व्हॉल्व्हच. त्यात एक वॉशर भोकावर दाबून बसतो. धार कमीजास्त करायला तो चांगला. त्याच्या थोरल्या भावाला ग्लोब व्हॉल्व्ह म्हणतात. दांडी आडवी केली की बंद होतो तो बॉल व्हॉल्व्ह, पोटात भोक पाडलेला गोळा असतो. बोअरच्या पाइपात असतो तो नॉन-रिटर्न, पाण्याला फक्त पुढं जाऊ देणारा.

आणि गावोगावच्या चेंबरमध्ये बसलेला असतो तो गेट व्हॉल्व्ह, आमच्या भाषेत स्लूस. याच्या पोटात लोखंडी फळी असते, तिचं नाव गेट. चाक फिरवलं की दांडा फिरतो, त्याला स्टेम म्हणतात. दांड्याला आटे असतात, आट्यांवर पितळेसारख्या धातूचा नट असतो, नटाला गेट अडकवलेलं असतं. दांडा जागेवर फिरतो, नट आट्यांवर वर चढतो आणि गेटला घेऊन जातो. काही व्हॉल्व्हचा दांडा बाहेर येतो, त्यामुळं दार किती उघडलंय ते दिसतं. या व्हॉल्व्हचा येत नाही. पोटात काय चाललंय हे त्याचं त्यालाच ठाऊक.

याचा नियम एकच. एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद करा. अर्धवट ठेवलं की पाण्याच्या माऱ्यानं गेट थडथडत राहतं आणि नटाचे आटे खाल्ले जातात.

आणि या गावानं नेमकं अर्धवट ठेवायचं ठरवलं होतं. तेही ठराव करून!

पूर्वी दोन आळ्यांमध्ये पाण्यावरून डोकी फुटायची. मग तोडगा निघाला. दोन्ही आळ्यांचे व्हॉल्व्ह रोज सकाळी एकाच वेळी उघडायचे, दोन्ही मोजून आठ फेरे. बंद करतानाही आठ. एक जास्त नाही, एक कमी नाही. मोजायला दोन्हीकडचा एकेक साक्षीदार. समतेची एवढी कडक अंमलबजावणी मी कुठल्या पत्रकातही वाचलेली नव्हती.

खालच्या आळीचे साक्षीदार दगडूआण्णा, पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. वरच्या आळीच्या सुमनबाई, हातात रिकामी घागर. घागर पुरावा म्हणून आणलेली.

“फेरे बरोबर आठ होतात का?” मी विचारलं.

“आठच,” आण्णा म्हणाले. “म्या सोता मोजतो.”

“फेरे आठच होत्यात वो,” सुमनबाई म्हणाल्या. “पर ह्यो भान्या मधल्या मधी कायतरी करतोय. त्याच्या हातात कला हाय.”

“कला असती तर इथं बसलो असतो का?” भानुकाका म्हणाले.

मी दोन्ही व्हॉल्व्ह उघडायला सांगितले आणि पाइपाला कान लावला. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह घरघरत होता. वरच्या आळीचा गप्प.

“हा कधीपासून गप्प आहे?”

“दिवाळीपास्नं,” सुमनबाई म्हणाल्या. “आमच्या आळीतलं सगळंच शांत स्वभावाचं.”

आण्णांना ठसका लागला.

“आणि चाक? फिरवायला कसं लागतं?”

भानुकाकांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. “एकदम हलकं! पैले दोन्ही हातानं जोर लावाय लागायचा. म्या देवीच्या दिव्यातलं उरल्यालं त्याल सोडलं. तवापास्नं एका बोटानं फिरतंय बघा.”

त्यांनी एका बोटानं फिरवून दाखवलं. त्या बोटाकडं बघताना माझ्या भाषणातली आरोपीची मोकळी जागा भरली.

“काका, हा आधी बंद करा, मग पहिल्यापासून उघडायच्या बाजूला फिरवत राहा. थांबू नका.”

“सात, आठ,” दोन्ही साक्षीदार एका आवाजात म्हणाले. काकांचा हात आपोआप थांबला.

“थांबू नका म्हटलं ना.”

“मॅडम! आठ झालं!” आण्णांनी काठी आपटली. “नववा फेरा म्हंजे ठराव मोडला!”

“फिरवा वो काका!” सुमनबाई घागर ठेवून पुढं सरसावल्या. “फिरवा! न्हाय तर सरका, मी फिरवते.”

नऊ. दहा. आण्णा माझ्या ऑफिसचा पत्ता विचारू लागले. चार इंची व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला साधारण वीस फेरे लागतात. त्यानंतर चाकानं अडायला हवं, कारण फळी वर टेकते. वीस झाले. तीस झाले. चाळिशी ओलांडल्यावर आण्णाही मोजायचे थांबले आणि तोंड उघडं ठेवून बघू लागले. चाक अडायचं नावच घेईना. ते तुळजापूरपर्यंत फिरत गेलं असतं.

“ह्ये कुठं चाललंय?” आण्णांनी हळूच विचारलं.

“कुठंच नाही,” मी म्हणाले. “चाक कशाला जोडलेलंच नाही.”

आतल्या नटाचे आटे संपले होते. गेट खाली घसरून वरच्या आळीचा पाइप बंद करून बसलं होतं. फटीतून झिरपेल तेवढंच पाणी वर जात होतं. आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आठाच्या पुढं जायला गावात बंदी होती.

पुन्हा साहेबांना फोन.

“सर, व्हॉल्व्ह खोलते. गेट सुटलंय.”

“चाक फिरतंय म्हणालात ना?”

“फार फिरतंय सर. तेच दुखणं आहे.”

“खोला,” साहेब म्हणाले. “पण फोटो काढा. मला पटणार नाही.”

भानुकाका टाकीवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून आले. व्हॉल्व्हच्या वरच्या टोपणाला बॉनेट म्हणतात. ते बोल्टांनी आवळलेलं असतं. मी पाना लावला आणि सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं. पाइपात उरलेलं पाणी उसळतं.

“साक्षीदार जागा सोडत न्हाय,” आण्णा म्हणाले.

बोल्ट सैल झाले आणि पाइपात उरलेलं गढूळ पाणी आण्णांच्या धोतरावर रिकामं झालं. आण्णा हलले नाहीत. सुमनबाईंनी शांतपणे घागर पुढं केली.

आत हात घालून मी आधी गेट काढलं, मग नट. नट आतून बांगडीसारखा गुळगुळीत होता. गेटशिवायच बॉनेट परत बसवलं. तात्पुरतं का होईना, वरच्या आळीच्या पाइपात आता दारच उरलं नव्हतं. काकांना टाकीवरचा मुख्य व्हॉल्व्ह उघडायला पाठवलं आणि गेट खांद्यावर टाकून ग्रामसभेत गेले.

सभा भरलेली. सरपंच ताईंनी विषय वाचला. मी गेट टेबलावर आदळलं, नट त्याच्या शेजारी ठेवला. एसटीतलं भाषण मी विसरले नव्हते. दोन वाक्यं त्यातली वापरलीच.

“या गावानं माणसाच्या हातावर पहारा बसवला. दाराकडं कुणी बघितलं नाही. तुमचा न्याय चाकावर चालत होता, आणि चाक दाराला जोडलेलं नव्हतं!”

नट हातोहात फिरला. ज्यानं त्यानं आत बोट घालून बघितलं आणि तो परत टेबलावर आला. ओल्या धोतरातले आण्णा उभे राहिले आणि म्हणाले, “म्या मोजल्यालं आठ खरं हुतं. पर ते कशाचं आठ हुतं, ते आज कळलं.”

“मंग आता काढायचं कुणाला?” मागून कुणीतरी ओरडलं. विषय वाया जाऊ नये, अशी त्याची कळकळ.

“काढलाय की,” सुमनबाई म्हणाल्या. “त्यो काय टेबलावर पडलाय.”

तेवढ्यात वरच्या आळीतून बायकांचा आरडाओरडा आला. आधी मला वाटलं भांडण. ते पाणी होतं. निम्मी सभा उठून घागरी घेऊन पळाली. कोरम तुटला. सरपंच ताईंनी विषय रद्द झाल्याचं उरलेल्या खुर्च्यांना सांगितलं.

टाकीवरून परतलेले भानुकाका दारात उभे होते. त्यांना विचारलं, “काका, आनंद झाला का?”

“झाला. पर मॅडम, माझ्या त्यालाचा कायच गुण न्हवता व्हय?”

नवा व्हॉल्व्ह आठवडाभरात बसला. आता दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे, पूर्ण बंद करायचे. आधी एक तास वरची आळी, मग एक तास खालची. वाटणी फेऱ्यांनी नाही, वेळेनं. साक्षीदार तेच आहेत. आण्णा मनगटावरचं घड्याळ बघतात, सुमनबाई मोबाइल. दोन्हीत तीन मिनिटांचा फरक आहे आणि त्यावर पुढच्या ग्रामसभेत चर्चा आहे. त्याला लावायला माझ्याकडं व्हॉल्व्ह नाही.

माझी तुम्हाला एकच विनंती. उद्या सकाळी तुमच्या गावातल्या, गल्लीतल्या, सोसायटीतल्या चेंबरपाशी जा. पाणी सोडणाऱ्याला म्हणा, चाक अडेपर्यंत उघडा, आणि अडेपर्यंत बंद करा. ते अडतंय का बघा. बंद केल्यावर पाणी खरंच थांबतंय का, तेही बघा. एवढं केल्याशिवाय त्याच्या नावानं एकही अर्ज करू नका.