वायर काढून दाखवणारे हनीफभाई

हनीफभाईंच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला तेव्हा मी खालापूरजवळच्या एका भातगिरणीत, त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. "सुजातादीदी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली... मी हातातलं काम पुरं केलं आणि मगच त्यांच्या चौक गावाला जाणारी बस धरली. हनीफभाईंना अर्धवट टाकलेलं काम आवडायचं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माझे पाय उठायला तयार नव्हते.

आमची ओळख मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यातली. ते स्टोअरमध्ये होते आणि मी नवीनच कॉम्प्युटर विभागात लागले होते. कुठल्या पिंपात काय आहे, ते कधी आलं, कुठल्या शेडमध्ये ठेवलं, ही सगळी माहिती ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती, ते एके दिवशी वीज गेल्यावर बसलं ते उठलंच नाही. दोन दिवस हनीफभाई पिंपांवरची लेबलं वाचत हिंडत होते. त्या दोन दिवसांनी त्यांना जे वेड लागलं, ते शेवटपर्यंत उतरलं नाही. कुठूनसं त्यांनी नोंदी सांभाळणारा एक डेटाबेस शोधून काढला. जगभरच्या लोकांनी मिळून तयार केलेला, कुणा एकाच्या मालकीचा नसलेला. कुणीही घ्यावा, वापरावा, आतून उघडून बघावा, सुधारावा आणि पुढे द्यावा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजीशी झटापट करत, ते तो शिकले. कारखाना बंद पडल्यावर आम्ही दोघांनी चौकलाच, दोन गॅरेजांच्या मधल्या गाळ्यात, लहान कारखान्यांना हा डेटाबेस बसवून देण्याचं आणि शिकवण्याचं काम सुरू केलं. माझे वडील म्हणाले, "फुकटची वस्तू इकायला निगालेत, देव पावो."

काम मला छान यायचं. बोलणं तेवढं यायचं नाही. मी भातशेती करणाऱ्या घरातली, तोंडात हाय-नाय घट्ट बसलेलं. कारखान्यात एकदा साहेबांसमोर "आमी केलाय" म्हणाले, तर सगळं टेबल हसलं. तेव्हापासून परक्या माणसापुढे माझी जीभ टाळूला चिकटायची. हनीफभाईंची भाषा माझ्याहून गावरान, पण त्यांना त्याचं काहीच नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि थोडा रागही यायचा.

नवी मुंबईत लघुउद्योजकांचं मोठं प्रदर्शन भरतं. पहिल्या वर्षी आम्ही तिथे कोपऱ्यातला स्टॉल घेतला. आजूबाजूला झगमगाट, मोठमोठे पडदे, कोटातली पोरंपोरी. आमच्याकडे बॅटरी नसलेला जुना कॉम्प्युटर आणि 'सर्वांसाठी खुला' असं हाताने रंगवलेलं कापड. लोक यायचे, वाचायचे, "फुकट आहे? मग खोट काय आहे त्यात?" विचारायचे आणि उत्तर न ऐकताच पुढे जायचे. फुकटचं ते पौष्टिक म्हणतात, पण ते खाण्यापुरतं. दुपारपर्यंत हनीफभाईंनी कारण शोधून काढलं. "आपल्या चौकात चहा असला की मानूस थांबतो," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन चांगली चार लिटरची विजेची किटली घेऊन आले. शेजारच्या स्टॉलवाल्यांना बोर्ड कमी पडत होते म्हणून आदल्या दिवशी हनीफभाईंनीच आमचा वायरचा लांब बोर्ड त्यांना वापरायला दिला होता. त्याच बोर्डात किटली लावली... आणि अख्खी रांग काळोखात. सहा स्टॉल बंद.

मी टेबलाखाली शिरायच्या बेतात होते. शेजारच्या स्टॉलचा मॅनेजर तणतणत आला. हनीफभाईंनी त्याची सरळ माफी मागितली, त्याला खुर्ची दिली. वीज आल्यावर सगळे आपापली मशीनं उठवण्यात गुंतले. आमचंही उठलं. मी दिवे जाण्याआधी जेवढ्या नोंदी पक्क्या केल्या होत्या तेवढ्या जागच्या जागी होत्या, आणि जी अर्धी राहिली होती ती डेटाबेसने आपणहून काढून टाकली होती. हनीफभाई उभे राहिले आणि भाजीबाजारात ओरडावं तसं म्हणाले, "या, बगा, लाईट गेली तरी माल जाग्यावर हाय!" पंधरा-वीस माणसं जमली. त्यांत खोपोलीकडचा एक खोके बनवणारा कारखानदार होता. त्याच्याकडे दिवसातून तीनदा वीज जायची. तो आमचं पहिलं गिऱ्हाईक. तो मॅनेजरही शेवटी चहा पिऊन गेला.

पुढच्या वर्षापासून हनीफभाई मुद्दाम वायर काढायला लागले. पाहुण्याला स्वतःच्या हाताने नोंद करायला लावायची, आणि तो बघत असतानाच खटकन वायर ओढायची. मशीन पुन्हा उठेपर्यंत ते बोलत राहायचे... पाऊस, भात, टोलनाका, पाहुण्याचं गाव. मी मागे बसून टाइप करायची. दर वर्षी म्हणायचे, सुजाता, आज पुढे तू उभी राहा. दर वर्षी मी काहीतरी सबब काढायची. हृदयाचं दुखणं वाढल्यावर शेवटचं भेटले, तेव्हाही तोच विषय. "यंदा तू बोल गं," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुमी बरे व्हा आधी." ते हसले आणि कुशीवर वळले. हे माझ्या मनाला फार लागून राहिलं. एवढंच तर मागत होते.

ते गेल्यावर महिन्याभरात प्रदर्शन आलं. स्टॉल आधीच घेतलेला होता. मी जाणार नव्हते. हे सांगायला हनीफभाईंच्या घरी, रझियाभाभींकडे गेले. त्या इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या दिवसांत, घरातच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला काय वाटतं, ह्यांना भ्या वाटत नवतं? परदर्शनाच्या आदल्या दिवशी जेवन जात नवतं ह्यांना. वायर काढताना हात कापतो म्हनायचे. मला सांगायचे, दुवा कर, उद्या मशीन उठू दे."

बारा वर्षं त्यांच्या पाठीमागे बसले होते. मला फक्त पाठ दिसायची.

मी प्रदर्शनाला गेले. पहिल्या माणसाने विचारलं, फुकट आहे तर खोट काय? जीभ टाळूला चिकटली. मग माझ्या तोंडून आलं ते घरचंच आलं. म्हटलं, "आमच्याकडं बियाण्याचं भात शेजाऱ्याकडनं आणतात, पुढल्या साली तेवढंच दुसऱ्याला देतात. त्यात खोट कसली हाय?" तो हसला, पण थांबला. खुर्ची ओढून बसला. त्याला एक नोंद करायला लावली, खटकन वायर काढली, आणि मशीन उठेपर्यंत त्याच्या गावाची चौकशी केली. तीन दिवस मी बोलत होते. हाय म्हटलं, नाय म्हटलं, कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

शेवटच्या दिवशी परतताना चौकला उतरले. भाभींनी दार उघडलं. काय झालं ते सांगायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना, घसा पार बसलेला. भाभींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या. कोमट पाण्याचा स्टीलचा पेला आणि मिठाची वाटी घेऊन आल्या.

"दर साली परदर्शनावरनं आले की हेच मागायचे," त्या म्हणाल्या. "घे, गुळण्या कर."