शेवटून दुसरा बाक

रविवारी चर्चमध्ये कोण आलं नाही, हे कार्डबाई तोंडं बघून नव्हे, पाठी बघून ठरवत. आमच्या मंडळीत ज्याचा त्याचा बाक ठरलेला. बाईंचा शेवटून दुसरा, त्यामुळे सगळ्यांच्या पाठी त्यांच्यासमोर. एखादी दिसली नाही की बुधवारी त्या घरी पोस्टकार्ड हजर: "सलाम. या रविवारी तुमची जागा रिकामी होती. बरं आहे ना?" खाली बारीक अक्षरात कापणीच्या सणाला भोपळा कोणी आणला, गाणाऱ्यांत कोणाचा घसा बसला, सगळी खबरबात.

आमच्या शनिवार पेठेतल्या घरी ते कार्ड माझ्याआधी खालच्या मजल्यावरचे काका वाचत. "काय हो, परवा चर्चला दांडी?" असं भर जिन्यात विचारत. लाज वाटायची, पण कोणीतरी आपली वाट पाहिली, याचं सुखही व्हायचं.

एकदा मी उशिरा पोचलो आणि दाराजवळ शेवटच्या बाकावर टेकलो. तरी कार्ड आलं! तरातरा जाऊन म्हटलं, "अहो बाई, मी आलो होतो." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मग आपल्या जागेवर बसावं. मी काय मान वळवून उपासना करू?"

गेल्या वर्षी पाय मोडला आणि बाई लेकीकडे वारज्याला गेल्या. पाय बरा झाला तरी येईनात. फोनवर म्हणत, "माझ्यावाचून कोणाचं काय अडलंय?" ऐकून वाईट वाटायचं.

आणि परवा गीतांच्या पुस्तकात मी हजर असूनही आलेलं ते चुकीचं कार्ड सापडलं! काय आनंद झाला म्हणून सांगू! तसाच पोस्टात धावलो, कोरं कार्ड घेतलं आणि बाईंचाच मजकूर बाईंना धाडला.

रविवारी मी स्वतः त्यांच्या बाकावर, त्यांची जागा धरून बसलो. कोणी आलं नाही. शेवटचं गीत संपेपर्यंत मी ती जागा कोणाला दिली नाही.

बुधवारी जिन्यात काका कार्ड हलवत उभे. "आज तुमची चांगलीच हजेरी घेतलीय," म्हणाले. मी ते हिसकावूनच घेतलं. अक्षर थरथरतं, पण बाईंचंच:

"सलाम. मी आले होते. वॉकर घेऊन पुढे येववेना, म्हणून दाराजवळ शेवटच्या बाकावर बसले, तुमच्या अगदी पाठीमागे. उपासनेत हाक कशी मारणार? आणि बाहेर रिक्षा थांबलेली. तुम्हाला मान वळवायला काय झालं होतं?"