धोतराचा उजेड

आमचे सर कधी आवाज चढवायचे नाहीत. "दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर विषय बदलू," एवढंच म्हणाले. पण माझ्या पीएच.डी.ची दोन वर्षं त्या विषयात गेली होती.

माझं पॉलिमर पाण्यात विरघळायचं. थंड पाण्यात त्याच्या रेणूची लांब साखळी ऐसपैस पसरते आणि पाणी कोमट झालं की अंग आकसून घेते, असं माझं म्हणणं. डोळ्यांना हे दिसत नाही, म्हणून साखळीला एक रंगद्रव्य जोडलं होतं. भोवती पाणी असलं की ते मिणमिणतं, साखळीच्या कुशीत शिरलं की उजळतं. तो उजेड फ्लुरोमीटरवर मोजायचा. माझं द्रावण मात्र थंड असतानाही उजळ, तापल्यावरही उजळ. नवं द्रावण केलं, तरी पहिले पाढे पंचावन्न.

एका दुपारी वैतागून मी नुसतं पाणी भरलं. तर पाणीही चमकलं!

द्रावण ठेवायची क्वार्ट्झची बोटभर कुपी आम्ही जुन्या धोतराच्या फडक्यानं आतूनबाहेरून पुसायचो. त्याहून मऊ कापड नाही, असा आमच्या प्रयोगशाळेचा रिवाज. फडकी माझ्या वडिलांच्या धोतराची, सोयगावहून, घरून यायची. संशय आला म्हणून अतिनील दिव्याखाली एक फडकं धरलं, तर निळंशार उजळलं. मी घरी फोन लावला.

"माय, फडकी कशानं धुतलीस?"

"तुझ्या मशिनीला लागतंय म्हणून चांगल्या पावडरीनं धुतली, बाई. लई पांढरी निघाली ना?"

कपडे पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरीत चमकणारं द्रव्य घालतात. आईच्या मायेनं माझा प्रयोग पार उजळून टाकला होता! मी इतकी हसले, की तिकडे ती घाबरली. माझ्या पॉलिमरचा काही दोष नव्हता, हे कळल्याचा तो आनंद होता.

कुपी आम्लानं धुतली, कापड न लावता उपडी वाळवली. पाणी भरलं, अंधार. मग द्रावण भरलं आणि सरांना बोलावलं.

द्रावण हळूहळू तापवत नेलं; तीस अंशांपर्यंत पडद्यावरची उजेडाची रेघ लोळतच पडलेली. त्याच्या जरा पुढे ती उठली आणि चढतच गेली.

"थंड करा," सर म्हणाले. रेघ उतरली.

"परत तापवा." परत चढली.

सरांनी स्टूल ओढलं आणि शेजारी बसले. "विषय हाच ठेवू," म्हणाले. मला त्यांच्यासमोरच रडू फुटलं.