विहीणबाईंचा रुसवा

खंडोबा आमचं कुलदैवत, पण त्याच्याशी मी बोलणं टाकलं होतं. आधी त्यानं बायको नेली, तेव्हा गप्प बसलो. या वसंतात विहीणबाईंना नेलं, तेव्हा मात्र देव्हाऱ्यासमोर उभा राहून म्हणालो, "देवा, तुझं माझं संपलं."

विहीणबाई म्हणजे ग्लोरिया, माझ्या मुक्ताची सासू. आईवडील बार्बाडोसचे, बाई जन्मापासून इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या. आयुष्यभर इथली बस चालवली. त्या हसल्या की नदीपलीकडच्या खिडक्या थरथरायच्या. चढावर बस अडली तर प्रवासी म्हणायचे, "ग्लोरिया, जरा हस, म्हणजे ढकलायला नको." यातलं निम्मं खरं आहे, कुठलं ते विचारू नका.

ऑक्टोबरात, इथं कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा म्हणून पाळतात त्या ब्लॅक हिस्टरी मंथला, त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये ठरलं की यंदा नामवंतांचे नाही, आपापल्या घरातल्या माणसांचे फोटो लावायचे. कुणाची नर्स आजी, कुणाचा सुतार काका. प्रत्येक फोटोपाशी घरच्यानं चार शब्द बोलायचे. जावयानं कबूल केलं होतं, पण आदल्या दिवशी तो आईच्या आठवणीनं पार कोसळला. मुक्ता म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला ना. नाहीतर मम्मींचा फोटो मुकाच राहील. एरवी तुमचं तोंड बंद करायला माणसं लागतात!"

फोटो बसच्या गणवेशातला, आणि समोर भरलेला हॉल. मी उभा राहिलो, आणि घशातून आवाज फुटेना. लग्नकार्यात ज्याच्या हातून माईक हिसकावून घ्यावा लागतो, तो मी! जावई मान खाली घालून बसलेला. मुक्ता डोळे पुसत होती. मी मनात म्हणालो, "मल्हारी, माझ्यानं होत नाही. हरलो. तुला काय करायचं ते कर."

मागच्या रांगेतून एक उंच म्हातारा उठला. कधी न पाहिलेला. पुढे येऊन त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सावकाश, ब्रदर. आधी एवढंच सांग, ती तुझी कोण?"

कोण? इंग्रजीत या नात्याला धड शब्दच नाही. मी म्हणालो, "विहीणबाई."

"मग तेच सांग."

आणि बांध फुटला. सांगितलं, की लग्नात मी गमतीनं म्हणालो होतो, आमच्यात मुलाच्या आईला रुसायचा हक्क असतो. बाईंनी ते मनावर घेतलं. हॅट घालून कोपऱ्यात जाऊन बसल्या. "मिस्टर, मी रुसले आहे. साडी आणा." आणलेली जरीची साडी हॅटसकट नेसल्या, तेव्हा हसल्या. पुढे दर दिवाळीला रुसल्या. हॉलमध्ये हशा पिकला. मग सांगितलं, की माझी बायको गेल्यावर मी अन्न टाकलं होतं. ड्युटी संपवून, गणवेशातच, भाताचं पातेलं घेऊन त्या आल्या आणि भर पावसात माझ्या दाराच्या पायरीवर बसल्या. "मी रुसले आहे. तुम्ही जेवल्याशिवाय उठणार नाही." मी पायरीवरच घास घेतला. तरी त्या उठल्या नाहीत. तिथेच माझ्याशेजारी बसून रडल्या.

"आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो त्या रुसव्यामुळे," मी म्हणालो. "माझ्या घरच्या इतिहासात याहून मोठं काही घडलेलं नाही."

जावई उठला, आईच्या फोटोपाशी आला आणि त्यानं मला घट्ट मिठी मारली.

नंतर चहाच्या वेळी त्या म्हाताऱ्याला शोधलं. तो गेला होता, आणि कुणाच्याच ओळखीचा नव्हता. असेल त्यांच्या बसचा एखादा जुना प्रवासी. मी एरवी मांजराचा वाघ करून सांगतो. या माणसाला मात्र तिळभरही वाढवणार नाही. खांद्यावर हात होता, आणि तो उबदार होता.

मी सगळं बळ लावून उभा होतो तोवर एक शब्द सुचला नाही. हरलो म्हणालो, आणि कुणीतरी विचारलं. शोक आजही तेवढाच आहे. पण ती दुपार आठवली की माझे हात आपोआप जोडले जातात. कुणाला, ते मला ठाऊक नाही, आणि आता विचारावंसंही वाटत नाही.